रोमिंगच्या हद्दीवरचे दोन तालुके

कल्याणच्या टेलिफोन केंद्रांची तार जिथवर जाते तिथवर मुंबई, असं दूरसंचार खात्याने १९९० च्या दशकात ठरवून टाकलं. मोबाइलचे परवाने द्यायचे होते, त्यासाठी देशाचे तुकडे पाडायचे होते. मुंबईच्या तुकड्यात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण या टेलिफोन क्षेत्रांची हद्द आली. बाकीचा महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या तुकड्यात गेला, आणि त्याचं नाव महाराष्ट्र सर्कल. कल्याणचा एसटीडी कोड ०२५१, मुरबाडचा ०२५२४, शहापूरचा ०२५२७. कागदावर हा एकदोन आकड्यांचा फरक होता. त्या फरकाने एकाच ठाणे जिल्ह्यातले शेजारशेजारचे तालुके दोन वेगळ्या बाजारांत पडले. टिटवाळा, खडवली ओलांडून लोकल वासिंदकडे निघाली की प्रवासी मोबाइल कंपन्यांच्या लेखी परमुलखात शिरत होता.

रेल्वेने ही हद्द कधीच मानली नव्हती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची. १८५४ मध्ये रूळ कल्याणला आले, १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला. थळघाट चढायला आणखी चार वर्षं लागली. या रुळांवर शहापूर तालुक्याचं पोट गेली कित्येक दशकं चाललं आहे. आसनगाव, आटगाव, खर्डीहून पहाटेची लोकल धरायची आणि ठाणे, दादर किंवा भायखळ्याला कामावर जायचं. दूध, भाजी, करवंदं, जांभळं, सगळं याच गाडीने जातं. मुरबाडला रेल्वे अजूनही नाही. तिथला माणूस एसटीने किंवा जीपने कल्याण गाठतो. पण त्याचाही व्यवहार, दवाखाना, कोर्टकचेरी, पोरांचं कॉलेज कल्याणलाच.

म्हणजे घर एका सर्कलमध्ये आणि नोकरी दुसऱ्यात. सिम कुठलं घ्यायचं? मुंबईचं घेतलं तर घरी आल्यावर रोमिंग, इकडचं घेतलं तर कामाच्या जागी रोमिंग. त्यात लहरींना सर्कलची हद्द कळत नाही. मोकळ्या माळावर उभा राहिलेला फोन जो टॉवर जोरात ऐकू येईल त्याला चिकटतो. हद्दीजवळच्या गावात घराच्या एका पडवीत मुंबई आणि दुसऱ्या पडवीत महाराष्ट्र, असा प्रकार तांत्रिकदृष्ट्या अगदी शक्य होता.

जागा पाहून पैसे घ्यायची रीत या मुलखाला नवी नव्हती म्हणा. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून वर गेलं की माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल इथून जाई आणि जकात या रांजणात पडे, असं परंपरा सांगते. रोमिंग ही त्याच जातीची वसुली. मोबाइलच्या ‘तुम्ही कुठे आहात’ या ज्ञानाचा पहिला व्यापारी उपयोग हाच झाला. तो ग्राहकाच्या सेवेसाठी झाला नाही, बिल लावण्यासाठी झाला.

सुरुवातीच्या परवान्यांत आणखी एक मेख होती. सर्कलच्या कंपनीने पहिल्या वर्षात दहा टक्के आणि तीन वर्षांत पन्नास टक्के जिल्हा मुख्यालयांपर्यंत सेवा न्यायची, एवढीच अट. आता ठाणे जिल्ह्याचं मुख्यालय ठाणे, आणि ते तर मुंबईच्या तुकड्यात. महाराष्ट्र सर्कलच्या कंपनीला शहापूर-मुरबाडात टॉवर उभारायला कुणी भाग पाडत नव्हतं. जिथे गिऱ्हाईक वाहतं तिथे टॉवर, हा साधा हिशोब. मुंबई-नाशिक महामार्ग शहापुरातून जातो म्हणून रस्त्याकाठच्या गावांना त्या मानाने लवकर रेंज आली. रस्त्यापासून आत, डोळखांबकडे, किंवा मुरबाडमध्ये टोकावडे ओलांडून डोंगराच्या कुशीत असलेल्या वाड्यांना ती पुष्कळ उशिरा आली आणि काही ठिकाणी आजही ती येते-जाते.

मग तीन गोष्टी थोड्या थोड्या अंतराने घडल्या. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली. मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला. आणि मे २००५ मध्ये मुंबई व महाराष्ट्र या दोन सर्कलमधल्या कॉलवरचा एसटीडीचा दर काढून टाकायचा निर्णय झाला. १९९५ मध्ये मुंबईत मॅक्सटच आणि बीपीएलच्या फोनवर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. दहा वर्षांत तो फोन वीटभट्टीवरच्या मुकादमाच्या खिशात आला. इनकमिंग फुकट झाल्यावर ज्याच्याकडे बॅलन्स नाही त्याच्याकडेही फोन असू शकत होता. मिस्ड कॉल देणं ही एक भाषाच तयार झाली. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोहोचलो, असे संकेत घराघरात ठरले. नीट पाहिलं तर त्या रिंगांमधून लोक एकमेकांना ठिकाणच कळवत होते, तेही एक पैसा न देता.

याच काळात पडद्यावर ती गंमत आली जी आता फारशी कुणाला आठवत नाही. नोकियाच्या साध्या हँडसेटमध्ये ‘सेल इन्फो डिस्प्ले’ नावाची एक सोय होती. ती चालू केली की ज्या टॉवरला फोन जोडलेला आहे त्याच्या परिसराचं नाव कंपनीच्या नावाखाली उमटे. त्यासाठी चॅनल ५० लावायचा असतो, हे कुणीतरी कुणाला तरी दाखवलेलं असे. गाडी चालू लागली की नाव बदले. कल्याण, टिटवाळा, वासिंद. टॉवर ही माहिती आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम पुकारून सांगत असतो, कोण ऐकतंय याची नोंद तो ठेवत नाही. त्यामुळे कंपनीला त्याचा वेगळा खर्च नव्हता आणि ग्राहकाला दर नव्हता. जीपीएस नाही, नकाशा नाही, इंटरनेट नाही. रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये दिवसभर उभ्याने काम करून झोपेला आलेल्या माणसाला डोळे उघडून बाहेरच्या अंधारात काही दिसलं नाही, तरी पडदा पाहून आपलं स्टेशन गेलं की यायचंय ते कळे. माझ्या मते ठिकाणावर आधारलेली पहिली खरी लोकप्रिय मोबाइल सेवा हीच. तिला कुणी असं नाव दिलं नाही आणि कुणी तिचे पैसे केले नाहीत. पुढे काही कंपन्यांनी त्याच वाटेने जाहिराती सोडायला सुरुवात केली, आणि लोकांनी चॅनल बंद करून टाकला.

ती सेवा चुकायचीही. मोठा टॉवर सह्याद्रीच्या माथ्यावर असेल तर खालच्या कोकणातला फोन त्याला पकडतो. माळशेजच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला फोनने घाटावरच्या जुन्नरकडचं नाव दाखवावं, यात फोनचा दोष नव्हता. मूळ जीएसएम तंत्रात एक टॉवर ३५ किलोमीटरपर्यंतच्या फोनशी बोलू शकतो, आणि अंतराचा अंदाज तो साधारण ५५० मीटरच्या टप्प्यांनी घेतो. दादरला टॉवर इतके दाट की नुसत्या टॉवरवरून माणूस कुठल्या गल्लीच्या आसपास आहे ते सांगता येतं. मुरबाडच्या पूर्वेला एका टॉवरखाली अनेक गावं आणि त्यांच्या वाड्या. जिथे दोन ठिकाणांमधलं अंतर खरोखर पायांना जाणवतं, तिथेच फोनचा अंदाज सर्वांत ढिला होता.

जगात मात्र त्या वेळी या विषयावर मोठे इमले बांधले जात होते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९६ मध्येच आदेश काढला होता की ९११ ला मोबाइलवरून फोन आला तर तो कुठून आला हे कंपनीने सांगितलं पाहिजे. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली अचूकतेची खोट काढून टाकली. जपानमध्ये डोकोमो कंपनीने २००१ मध्ये ठिकाणानुसार माहिती देणारी सेवा काढली. या सगळ्यातून व्यापाऱ्यांना एक स्वप्न पडलं: माणूस रस्त्यावरून चालतोय, त्याला जवळचं हॉटेल, जवळचं एटीएम, जवळच्या दुकानातली सूट फोनवर कळतेय, आणि प्रत्येक विचारणेला तो पैसे देतोय. भारतातही कंपन्यांनी एसएमएसवर असे प्रयोग केले.

शहापूरच्या बाजारपेठेत हे कुणाला विकणार? तिथला माणूस आपल्या बाजाराला अनोळखी नसतो. खताचं दुकान कुठलं, डॉक्टर कुठला, उधार कोण देतो, हे त्याला पिढीजात ठाऊक. मुरबाडमधल्या म्हशाच्या जत्रेला पौषात बैल घ्यायला जाणाऱ्याला कुठल्या झाडाखाली कुठल्या गावचा बाजार भरतो ते विचारावं लागत नाही. ‘तुमच्या जवळ काय आहे’ हा परक्या शहरात उतरलेल्या प्रवाशाचा प्रश्न आहे, आणि सेवा बनवणारे सगळे तसे प्रवासी होते.

गावासाठी ठिकाण विकायचा सर्वांत गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्सने ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नावाची सेवा सुरू केली. शेतकऱ्याने नोंदणी करायची, आपली पिकं आणि बाजार सांगायचे, आणि मग त्याला मराठीत एसएमएस येणार: बाजारभाव, आपल्या भागाचा हवामानाचा अंदाज, पिकाचा सल्ला. महिन्याला साठेक रुपये पडत. कार्डं पोस्टातही मिळत. इथे फोनने शेतकऱ्याला शोधलं नाही. आपण कुठे राहतो हे शेतकऱ्यानेच सांगायचं होतं, आणि ती पद्धत टॉवरपेक्षा जास्त खरी होती.

तिचं काय झालं हे आपल्याला बऱ्यापैकी नेमकं ठाऊक आहे, कारण मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिची परीक्षा घेतली. पुणे, सातारा, नगर, नाशिक, धुळे या जिल्ह्यांतली १०० गावं निवडली, काहींत सेवा वर्षभर फुकट दिली, काहींत नाही, आणि ९३३ शेतकऱ्यांचा हिशोब तपासला. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात, पावसाने होणाऱ्या नुकसानीत किंवा वाण बदलण्यात लक्षात घ्यावा असा फरक पडलेला दिसला नाही. आपला माल कुठे विकायचा याबाबत थोडी हालचाल दिसली, इतकंच.

शहापूर-मुरबाड त्या पाच जिल्ह्यांत नव्हते. पण इथे निकाल वेगळा लागला असता असं मानायला जागा नाही. इथलं मुख्य पीक पावसाळी भात. तो खाऊन उरला की आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर आधारभूत किमतीला जातो. तिथे भाव सरकारने आधीच ठरवलेला. शेतकऱ्याला भावाची बातमी नको असते. केंद्र कधी उघडणार, बारदान आलं का, पैसे खात्यावर कधी पडणार, हे त्याला हवं असतं, आणि ते सांगणारा एसएमएस कुणी विकत नव्हतं. भेंडी, काकडी कल्याण-वाशीला पाठवणाऱ्यांचं निराळं. त्यांचा व्यापारी त्यांना रोज फोन करतच होता.

मग धंदा कुठे फुटला? बदल प्रश्नात झाला. आपण कुठे आहोत हे सोडून लोक विचारू लागले की ते कुठे आहे. गाडी कुठे आहे.

२०१० मध्ये सचिन टेके यांनी एम-इंडिकेटर काढलं. लोकलचं वेळापत्रक, साध्या जावा फोनवर चालणारं, इंटरनेट न मागणारं. कसाऱ्याच्या गाडीसाठी याची किंमत चर्चगेटवाल्याला कळणार नाही. अंधेरीला गाडी चुकली तर चार मिनिटांनी दुसरी येते. आसनगावच्या पुढे चुकली तर तासभरही जातो. आटगाव आणि खर्डीच्या मध्ये तानशेत, खर्डी आणि कसाऱ्याच्या मध्ये उंबरमाळी, असे थांबे आहेत, तिथे नुसतं उभं राहायचं तरी आडोसा शोधावा लागतो. पुढे स्मार्टफोन आले, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि ‘व्हेअर इज माय ट्रेन’ घराघरात पोहोचलं. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जचं हे अ‍ॅप २०१८ च्या अखेरीस गूगलने विकत घेतलं. त्यातली खुबी अशी की जीपीएस आणि इंटरनेट दोन्ही नसतील तरी ते टॉवरच्या ओळखक्रमांकावरून गाडी कुठे आली ते सांगतं. म्हणजे नोकियाच्या पडद्यावर उमटणाऱ्या त्या नावाचाच हा पुढचा जन्म, फक्त आता ते नाव वेळापत्रकाला जोडलेलं होतं आणि मराठीतही वाचता येत होतं. जुलै २०२२ मध्ये मध्य रेल्वेने ‘यात्री’ अ‍ॅपवर लोकलचं थेट ठिकाण दाखवायला सुरुवात केली. एसटीच्या गाड्यांना माग काढणारी यंत्रं बसवायचं काम २०१९ मध्ये सुरू झालं होतं. मुरबाड आगाराची वस्तीची गाडी कुठे आली हे मात्र बहुतेक वेळा अजूनही कंडक्टरला फोन करूनच कळतं, आणि कंडक्टर फोन उचलतोही.

टँकरचीही तीच कथा. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं या भागात. तानसाचं पाणी मुंबईला १८९२ पासून जातंय. त्याच शहापूर तालुक्यात कसाऱ्याच्या बाजूच्या गावपाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. खोट्या फेऱ्या दाखवून बिलं निघतात अशा तक्रारींनंतर टँकरला जीपीएस सक्तीचं झालं. आता तहसीलच्या संगणकावर टँकर कुठे आहे ते दिसतं. विहिरीपाशी हंडे घेऊन बसलेल्या बायांना ते दिसत नाही. त्यांना ड्रायव्हरचा नंबर पाठ असतो.

२६ जानेवारी २०१४ ला राज्यात १०८ ची सेवा सुरू झाली, ९३७ रुग्णवाहिका, सगळ्यांवर जीपीएस, पुण्यात फोन घेणारं केंद्र. रुग्णवाहिका कुठे आहे हे केंद्राला दिसे, फोन करणारा कुठे आहे हे त्याने तोंडी सांगायचं. शाळेच्या मागे, वडापाशी, पाण्याच्या टाकीजवळ. हे बहुधा जमून जाई. जमत नसे ते पुढचं. दोन्ही तालुक्यांत असे पाडे आहेत जिथे रस्ताच पोहोचत नाही, आणि बाळंतपणाला निघालेल्या बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात छापून येतात. अशा ठिकाणी अक्षांश-रेखांश अचूक असून काय करायचं, हा प्रश्न कुठल्या अ‍ॅपच्या आवाक्यातला नाही.

मुरबाडमधल्या धसई गावाने याच सुमारास वेगळीच प्रसिद्धी मिळवली. नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ ला, अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते ते राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानादुकानांत बँक ऑफ बडोदाची स्वाइप यंत्रं आली, वडापावही कार्डावर. कार्डयंत्राला रेंज लागते, आणि रेंज हीच तिथली जुनी अडचण. काही काळाने तिथे रोख परतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांनी छापल्या.

गेल्या चारपाच वर्षांत प्रश्नाची दिशा पुन्हा फिरली. आता सरकार विचारतं: तू कुठे आहेस? रोजगार हमी ही योजना महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात सुरू केली. तिचं मस्टर पन्नास वर्षं कागदावर होतं, आणि त्यावर खोटी नावं चढत हेही खरं. मे २०२१ मध्ये केंद्राने हजेरीचं अ‍ॅप आणलं आणि १ जानेवारी २०२३ पासून ते वैयक्तिक लाभाची कामं सोडून सर्व कामांना लागू केलं. मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो, त्यावर वेळ आणि ठिकाणाचा शिक्का. फोटो चढला नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी अडली. बांधबंदिस्तीचं काम नेमकं डोंगरउतारावर, जिथे रेंज नसते, तिथे निघतं. फोटो काढून ठेवून नंतर रेंजमध्ये येऊन पाठवायची सोय आहे, आणि ग्रामरोजगार सेवकाचा बराच दिवस त्यात जातो.

१५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर कुठलं पीक लागलं हे आजवर तलाठी लिहीत असे, आणि तो ते कार्यालयात बसून लिहितो, असा शेतकऱ्यांचा जुना आरोप होता. आता शेतकऱ्याने आपल्या गटात उभं राहून फोनवर पिकाचा फोटो काढायचा आणि तो फोटो त्या जागेच्या अक्षांश-रेखांशासह जायचा. नंतरच्या आवृत्तीत गटाचा मध्यबिंदू भरला गेला, आणि तुम्ही त्यापासून लांब असाल तर अ‍ॅप तसं सांगू लागलं. पीक विमा, नुकसानभरपाई, सरकारी खरेदी, सगळ्याला ही नोंद लागते. ठिकाणावर चालणारी, खेड्यापाड्यापर्यंत पोहोचलेली मोबाइल सेवा म्हणून कुणी उदाहरण मागितलं तर मी हेच देईन. कुठल्याही कंपनीला जे गिऱ्हाईक साठ रुपयांना मिळालं नाही, ते इथे सक्तीने आलं.

आलं, पण सगळं आलं नाही. भाताचं खाचर डोंगरात, फोन मुंबईला कामाला गेलेल्या मुलाकडे, खातं चार भावांत सामायिक आणि बाप सत्तरीचा. पावसाळ्यात झाडीमुळे फोन जागा पकडेपर्यंत बॅटरी संपायची. मुदत वाढवायची, पुन्हा वाढवायची, असं दर हंगामात होत राहिलं. अखेर राहिलेल्या नोंदी पूर्ण करण्यासाठी सरकारने गावोगाव पीक पाहणी सहायक नेमले. गावातलाच एखादा शिकलेला तरुण, ज्याच्याकडे बरा फोन आहे आणि ज्याला कुणाचा गट कुठून कुठवर जातो ते ठाऊक आहे. तो बांधाबांधाने फिरतो, दर गटात उभा राहून फोटो काढतो, आणि रेंज असलेल्या वळणावर येऊन ते एकामागून एक चढवतो.